राजीनामा, मार्फत कावळा

वडनेर भोलजीत मरायला कोणाची परवानगी लागत नाही. नोकरी सोडायला लागते. म्हणून आमच्याकडे मेलेले पुष्कळ सापडतात, नोकरी सोडलेला मात्र शोधावा लागतो. शालिग्रामने हा रिवाज मोडायचं मनात आणलं. त्यातून पुढे जे उद्भवलं, त्याची हकीकत शक्य तितक्या गांभीर्याने देत आहे.

शालिग्राम उत्तमरावांच्या कापडदुकानात होता. गज लावून कापड मोजायचं, दाताने कड तोडायची आणि टर्रकन फाडून द्यायचं, हे त्याचं काम. पण ते नावापुरतं. उत्तमरावांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तू नौकर नाई बे, घरचा माणूस." घरचा माणूस म्हणून त्याने लाकडं फोडली, म्हशी पाण्यावर नेल्या, थोरल्या चिरंजीवांच्या, म्हणजे रामरावांच्या, पोरांची नाकं पुसली आणि धाकट्या पंजाबरावांसाठी मुली पाहत गावोगाव हिंडला. घरच्या माणसाला पगारवाढ देणं म्हणजे त्याला परकं मानणं. उत्तमरावांनी त्याचा असा अपमान कधी केला नाही.

अशात बुलढाण्याच्या मोजणी कचेरीतून शालिग्रामच्या नावाने हुकूम आला. साखळी धरायला माणूस हवा होता आणि तो मराठी सातवी पास होता. कापड मोजणारा आता जमीन मोजणार होता, तीही सरकारी साखळीने, म्हातारपणच्या पेन्शनीसकट. येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं होतं. न झाल्यास जागा दुसऱ्याला जाईल, असं स्वच्छ कळवलं होतं. त्याची बायको कोकिळा हे ऐकून आनंदाने रडली आणि तिने त्याच संध्याकाळी गाठोडं बांधलं.

दुसऱ्या दिवशी शालिग्राम रामरावांपुढे उभा राहिला.

"भाऊ, पुढच्या महिन्यापासून मी येत नाई."

"काऊन? बिमार पडणार हायेस काय?"

"नाई. नोकरी सोडून राह्यलो."

रामराव मोठ्याने हसले. "घरचा माणूस घर सोडते काय बे? अन् तुले ठेवलं बाबानं. सोडाचं तं बाबाच सोडतीन. मी कोण?"

बाबा म्हणजे उत्तमराव. ते महिनाभरापासून मागच्या खोलीत खाटेवर पडून होते. शालिग्रामने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. उत्तमरावांनी डोळे उघडले, "पाहू" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी वारले.

इथे भगवानराव या प्रकरणात दाखल होतात. ते उत्तमरावांचे मेहुणे आणि तहसिलीतले निवृत्त कारकून. नोकरीत असताना त्यांनी एकही निर्णय घेतला नव्हता, त्यामुळे त्यांच्या हातून चूक झाल्याचं कोणाला आठवत नाही. सुतकात ओसरीवर बसून त्यांनी शालिग्रामचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"'पाहू' म्हंजे प्रकरण विचाराधीन," ते म्हणाले. "मंजूर नाई, नामंजूर बी नाई. वरच्यानं विचारात घेतलेलं प्रकरण रामरावाले निकाली काढता येत नाई."

"पण बाबा तं गेले!"

"गेले म्हणून काय झालं? वऱ्हाड कोणाचं? निजामाचं. हुकूम कोणाचा? नागपूरच्या इंग्रजाचा. निजामाले कोणी पाह्यलं काय इकडे कधी? मालक एकीकडे अन् कारभार एकीकडे, हे वऱ्हाडच्या माणसाले सांगा लागते काय?"

साऱ्या वऱ्हाडाला यावर आजवर जे उत्तर सुचलं नाही, ते शालिग्रामला ओसरीवर उभ्याउभ्या कसं सुचणार?

"मंग त्यायले इचारू तरी कुठी?"

"दहाव्याले. कावळा येईन, त्याले इचार."

दहाव्याला नदीकाठी अर्धं गाव जमलं. मीही होतो. पिंड मांडले, शेजारी उत्तमरावांच्या आवडीची गूळपोळी ठेवली. कावळा शिवला तर गेलेल्याची इच्छा उरली नाही असं समजायचं, आणि अडला तर काय राहिलं ते शोधून तसं वचन द्यायचं. कावळा आला, बाभळीच्या शेंड्यावर बसला आणि अडला.

रामराव पुढे झाले. "बाबा, मायचं सगळं पाहीन." कावळा ढिम्म.

पंजाबराव पुढे झाले. "बाबा, पत्ते सोडतो. दुकानात बसतो, कुठीच जात नाई." कावळ्याने पाठ फिरवली.

भावकीतल्या एकाने शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, जुना वाद मागे घेतल्याचं जाहीर केलं. त्यावर कावळ्याने वरून जे पाठवलं ते त्याच्या टोपीवर पडलं, आणि वाद जागच्या जागी पुन्हा दाखल झाला.

ऊन चढलं. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवायचं नाही, हा नियम. घरी कढी तयार होती, पोळ्यांची चळत लागली होती आणि सकाळपासून कोणाच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. दुःख उपाशीपोटी फार वेळ टिकत नाही. लोक एकमेकांकडे रागाने पाहू लागले.

शालिग्रामलाच दया आली. तो म्हणाला, "दर्भाचा कावळा करा ना. चालते म्हंतात."

भटजींनी आशेने दर्भ हातात घेतला. भगवानरावांनी हात वर केला. "थांबा. दर्भाचा कावळा म्हंजे तात्पुरत्या चार्जातला. त्याले पिंड शिवता येते, पण नेमणुकीचं अन् राजीनाम्याचं त्याच्या अखत्यारीत येत नाई. अन् इथं तं एक राजीनामा पडून हाय!"

भटजींनी दर्भ खाली ठेवला. अर्ध्या गावाची मान शालिग्रामकडे वळली. अडलेल्या कावळ्याचं कारण मिळालं होतं, आणि ते सगळ्यांच्या समोर धोतर सावरत उभं होतं.

त्याने घसा खाकरला. "बाबा, दिवाळीपावतर राहतो."

कावळा एक फांदी खाली आला. गर्दीतून उसासा निघाला.

"बरं, होळीपावतर."

कावळा आणखी एक फांदी उतरला. आता लिलावाचा रंग भरला. मागून कोणी म्हणालं, "चढव बे, चढव!"

हैदर थोडा दूर उभा होता. दुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसणारा शिंपी, शालिग्रामचा जुना दोस्त. त्याच्याने राहवलं नाही. "अबे, त्याले भूक लागली म्हणून तो उतरून राह्यला, तुह्या बोलण्यानं नाई! लोकायले जरा मांगं सरकवा, आत्ता खाते तो."

"हैदरभाई," भगवानराव म्हणाले, "हे तुमच्या खात्यातलं नाई."

मग बाकीचे सुरू झाले. "म्हणून टाक ना रे, कढी थंडी होऊन राह्यली." "काय जीव जाते तुहा?" "मेलेल्या माणसाले तरसवतं काय?" रामरावांनी मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि गहिवरून म्हणाले, "तुहाच जीव लागला होता त्यायले, शालिग्राम. आमचा नाई."

शालिग्रामने एकदा बुलढाण्याच्या वाटेकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. आम्ही समजलो, उत्तमरावांसाठी. मग त्याने हात जोडले. "बाबा, मी कुठीच जात नाई. जिता हाय तवर दुकानातच."

नमस्कार करून तो मागे सरकला. तो सरकला म्हणून सगळेच चार पावलं मागे सरकले. कावळा खाली आला आणि गूळपोळीपासून सुरुवात करून त्याने सगळे पिंड विस्कटले. भगवानराव म्हणाले, "अर्ज निकाली." त्या दिवशी कढी फार चांगली झाली होती.

कोकिळाला हे शालिग्राम घरी पोचायच्या आधीच कळलं होतं. ती गाठोडं सोडून एकेक भांडं परत फळीवर लावत होती. पाठमोरीच म्हणाली, "मेलेल्या माणसाले इचारलं तुम्ही. मी घरी जिती होती, मले इचारलं काय?"

तिच्या या अर्जाचं उत्तर अजून गेलेलं नाही.

तेरवी आटोपली आणि पहिला सोमवार आला. शालिग्राम पहाटे दुकान झाडायला गेला, तर दारात बैलांची दमणी जुंपलेली. आत पंजाबराव नव्या कोटात, शेजारी भगवानराव.

"कुठी निघाले, भाऊ?"

"बुलढाण्याले," पंजाबराव म्हणाले. "मोजणी कचेरीत. ते साखळीची जागा रिकामीच पडून राह्यली म्हंतात."

शालिग्रामला आधी ऐकलेलंच खरं वाटेना. मग तो प्रथमच मोठ्या आवाजात बोलला. "तुम्ही बी तं नदीवर वचन देल्लं! कुठीच जात नाई म्हणून! मी आयकलं, साऱ्या गावानं आयकलं!"

"देल्लं ना," भगवानराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "पण त्यावर कावळा शिवला काय? पाठ फिरवली त्यानं. म्हंजे पंजाबनं दुकानात बसावं, हे बाबानं नामंजूर केलं. आता बापाची शेवटची इच्छा पोरानं मोडाची काय?"

दमणी गेली. त्या दिवसापासून शालिग्राम पंजाबरावांचंही काम करतो, म्हणजे आधी करत होता तेच. रामराव गिऱ्हाइकांपुढे त्याची तोंडभरून स्तुती करतात, आणि तो मान खाली घालून कापड फाडतो. पूर्वी तो सरळ फाडायचा. आता हात थोडा तिरका जातो.

शहरात ही हकीकत सांगितली की सुशिक्षित मंडळी पोट धरून हसतात. तुम्हीही हसला असाल. वऱ्हाडी माणसं, राजीनामा मंजूर करायला कावळा बसवतात! हसा. फक्त परवा तुमच्याकडची भांडी घासणारी बाई पदराला हात पुसत म्हणाली ना, की पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे जाते, तिथे दोन वेळचं खायलाही देतात, तेव्हाचं आठवून पाहा. तुम्ही तिला तिच्या लेकराच्या तापात दिलेल्या औषधाची आठवण करून दिलीत, अगदी मायेने. ती जराशी थांबली आणि पुन्हा भांड्यांना बसली. तुम्ही आत जाऊन जेवलात. आणि तिथे तर कावळासुद्धा नव्हता.