सिंहासनावरचं शीर्षासन

नाताळ तोंडावर आला आणि जोसाया टिबटच्या खेळण्यांच्या दुकानात राजा खाली डोकं वर पाय करून सिंहासनावर बसू लागला.

लंडनमध्ये त्या वर्षी थॉमाट्रोपचं वेड होतं. पुठ्ठ्याची चकती, एका अंगाला पिंजरा, दुसऱ्या अंगाला पक्षी. डाव्या-उजव्या भोकांतल्या दोऱ्या बोटांत पिळून चकती गरगर फिरवली की पक्षी पिंजऱ्यात. ग्रीक नावाचा अर्थ एवढाच, की नवलाची फिरकी. पण तसं साध्या भाषेत म्हटलं असतं, तर बड्या घरांनी पोरखेळ म्हणून हात लावला नसता. आता ती मंडळी विज्ञान म्हणून नेत. उच्चार कुणालाच जमत नसल्यामुळे नुसतं बोट दाखवत.

टिबटने पक्ष्याच्या जागी राजा काढला, पिंजऱ्याच्या जागी सिंहासन. चिकटवायचं काम बायकोकडे होतं.

"अगं हेस्टर, मागचं चित्र उलटं लावायचं असतं," तो कपाळाला हात लावून म्हणाला.

"राजाला उलटं? मी नाही तसलं करायची. पुस्तकाचं पान उलटलं तर चित्र काय डोक्यावर उभं राहतं?"

"पान कुशीवर वळतं. ही चकती कोलांटी खाते."

"मग ते आधी सांगायचं होतं."

आता सांगून उपयोग नव्हता. पाव महागला होता, राजाचे नवे महाल उठत होते आणि दुकानासमोर रांग लागली होती. त्या रांगेत कॉन्स्टेबल बॅगलीही येऊन ठेपला. त्याने चकती फिरवली आणि त्याच्या मिशा थरथरल्या.

"टिबट, हा राजद्रोह आहे. नाताळ तुरुंगात काढायचाय का?"

"साहेब, चकती नुसती हातात धरा. राजा सरळच आहे."

"आणि फिरवल्यावर?"

"फिरवली तुम्ही."

बॅगलीने चकती चटकन खाली ठेवली. "उद्या सकाळी राजा सरळ बसलेला दिसला पाहिजे. नाहीतर न्यायाधीशापुढे उभं करीन, आणि मग ह्याचं ते नावही तुम्हालाच सांगावं लागेल."

टिबट सगळा माल सोलायला बसला.

"अहो, खळ वाळलीय, चित्रं फाटतील," हेस्टरने दाभण उचललं. "पानासारखी वळवायची ना? मग वर एक भोक, खाली एक. दोऱ्या तिथे बांधा."

सकाळी बॅगलीने पुन्हा फिरवून पाहिलं. राजा सिंहासनावर ताठ बसला. रांगेतल्या कुणीतरी जांभई दिली.

"हां, आता कसं," म्हणत बॅगली दारापर्यंत गेला, थबकला आणि परत आला. गल्ल्यावर वाकून त्याने आवाज खाली आणला.

"बाजूची जुनी भोकं बुजवली नाहीत ना?"

"नाही, साहेब."

"मग एक कागदात बांधून द्या. दोऱ्या सुट्या ठेवा, घरी ओवून घेतो."