टाकीच्या फोटोचे वजन

नगर कार्यालयाचे संकेतस्थळ उघडेपर्यंत नागरिकांचा चहा निवतो, ही गंभीर बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आली. चौकशीअंती दोष फोटोंचा निघाला. ते जड होते. तेव्हा सर्व फोटो नव्या, हलक्या प्रकारात बदलावेत आणि जुने पुसून टाकावेत, असा आदेश निघाला. बदललेला फोटो हाच मूळ फोटो समजण्यात यावा, अशी पुस्तीही खाली जोडलेली होती.

हे काम ज्यांच्या गळ्यात पडले, त्यांना कार्यालयात फोटोबाबू म्हणत. संगणकावर एक पट्टी होती. ती डावीकडे सरकवली की फोटो हलका होई. बघणाऱ्याला तशाही जाणवत नाहीत अशा बारीकसारीक गोष्टी यंत्र आपणहून गाळून टाकी. साहेबांनी पाठ थोपटली, तशी बाबूंनी पट्टी आणखी डावीकडे नेली. रस्त्यांचे खड्डे बुजले. भिंतींची ओल सुकली. साहेब खूश होऊन म्हणाले, "अहो, एक पाटी खडी न टाकता शहर सुधारलं की!"

बाबूंची थोरली बहीण पाण्याच्या टाकीखाली राहत असे. टाकीच्या खांबाला भेग पडली होती. तिने फोटो काढून संकेतस्थळावर तक्रार पाठवली. अभियंत्यांची पाहणी हल्ली खुर्चीतूनच होई. त्यांनी पडद्यावर पाहून शेरा मारला : 'खांब गुळगुळीत. भेग आढळत नाही.'

दुसऱ्या दिवशी बहीण कार्यालयात हजर.

"बाबू, मेल्या, माझ्या फोटोतली भेग कुठं घातलीस?"

"अक्का, हळू बोल. मी नाही, यंत्रानं काढली. त्याला ती गरजेची वाटली नसेल."

"यंत्राला काय होतंय! टाकीखाली मी झोपते. चल घरी, बोट घालून बघ!"

बाबूंनी तिला अभियंत्यांपुढे उभे केले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्याकडे खांब गुळगुळीत आहे. तुमच्याकडे भेग असेल, तर तुमचा खांब नोंदीशी जुळत नाही. कुणाला विचारून बदल केलात?"

अक्का मोबाइल पुढे करून पुन्हा पुन्हा भेग दाखवू लागली. बाबूंना पाझर फुटला. त्यांनी तिच्या मोबाइलवरून नवा फोटो घेतला आणि चोरून पट्टी उजवीकडे सरकवली. भेग लख्ख दिसू लागली. पण संकेतस्थळाने फोटो परत केला : 'वजन जास्त आहे.' शिवाय जलद संकेतस्थळाचा पुरस्कार तोंडावर आला होता. बाबूंनी पट्टी मुकाट्याने जागेवर नेली आणि बहिणीची समजूत घातली.

"थोडी कळ काढ अक्का. भेग रुंद झाली की हलक्या फोटोतही दिसेल. मग कोण नाही म्हणतंय?"

"आणि तोवर?"

"तोवर खाट जरा पलीकडे सरकव."

भेग नियमानुसार रुंद झाली आणि टाकी खाली आली. अक्का किराणा आणायला गेली होती म्हणून वाचली. घराचा मात्र चुरा झाला. ढिगाऱ्याचा फोटो तातडीने हलका करून चढवण्यात आला. तो पाहून अभियंत्यांनी लिहिले : 'जागा सपाट व मोकळी. नवीन टाकीस योग्य.' पुरस्कारही मिळाला.

अक्का आता बाबूंकडेच राहते. त्यांनी मोठ्या कौतुकाने तो ढिगाऱ्याचा फोटो मोबाइलवर तिच्यापुढे धरला. "बघ, बोट लावायचा अवकाश, उघडतो!"

अक्काने डोळे बारीक करून पाहिले. "यात माझं घर कुठंय रे?"

"ते फारच लहान होतं गं."

तो फोटो तुमच्याही मोबाइलवर आला होता. झटकन उघडला, म्हणून तुम्ही त्याला पसंतीचा अंगठा दिलात आणि पुढे सरकलात. घर तुम्हाला तरी कुठे दिसले?