भागाकाकूंचं विरजण

स्पीडब्रेकर दिसला की भागाकाकू माझी जीप थांबवायच्या. आधी स्वतः उतरायच्या, मग नवऱ्याला हाताला धरून उतरवायच्या, उंचवटा चालत ओलांडायच्या आणि पुढे जाऊन पुन्हा बसायच्या. रिकामी जीप मी पलीकडे न्यायची. अकोले ते नाशिक हेच! मागचे ट्रकवाले मला काय काय ऐकवायचे, ते इथं लिहिता येणार नाही.

"काकू, पेशंट नेतोय की मडक्यांची खेप?" एकदा मी वैतागून विचारलं.

"तुला काय जातंय बोलायला? गाडी हाक गुमान."

काकू माझ्या शेजारच्या. त्यांच्या मालकांना, म्हणजे आमच्या नानांना, पोटात कॅन्सरची गाठ निघाली. नाशिकला औषध सुरू झालं. डॉक्टरांनी समजावलं, की हे औषध डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक कणांत भरलेलं असतं. ते कण रक्तातून गाठीत जाऊन जमतात, तिथंच मुक्काम ठोकतात आणि औषध हळूहळू सोडत राहतात. "म्हंजी पिकावर फवारायच्या नॅनो युरियाचा भाऊच की!" नाना म्हणाले. काकूंनी मात्र एवढंच धरलं, की औषध आत जमायचंय. मग ते हललं तर?

"विरजन लावल्यावं भांडं हालवत्यात व्हय?"

झालं! त्या दिवसापासून नाना म्हणजे दह्याचं भांडं. तपकीर बंद, कारण शिंक येते. भावकीतल्या हळदीत डीजे लागला, तर ही बाई थेट टेम्पोपुढे उभी. "बंद करा ते! आमच्या मालकांचं औषध हालतंय!" पोरांनी निमूट बंद केला. नाना लई विनोदी माणूस, पण भेटायला येणाऱ्याला काकू दारातच दम भरायच्या, "हसवायचं न्हाई." एकदा नानांना स्वतःच्याच विनोदावर हसू फुटलं, तर काकूंनी दोन्ही हातांनी त्यांचं पोट दाबून धरलं. आम्ही हसून हसून लोळलो. काकू मात्र नानांचं हसू पुरतं थांबेपर्यंत हात काढेनात, ते मी पाहिलं आणि माझं हसू जिरलं.

परवा नानांना तपासणीच्या यंत्रात नेलं. गाठ लहान झाली की वाढली, ते कळायचं होतं. बाहेर बाकावर काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. डॉक्टर दिसताच त्या उठल्या.

"सायेब, सिन्नरपाशी मालकांना ठसका लागला. माज्यानं आवरला न्हाई. सांडलं आसंल का वो?"

डॉक्टर हसले नाहीत. "मावशी, ते कण गाठीत रुतून बसतात. नाना नाचले तरी सांडायचे नाहीत. हलण्याचा त्याच्याशी काही संबंधच नाही."

सुटलो एकदाचा, असं मला वाटलं. "ऐकलंत ना काकू? आता बिनघोर बसा."

काकू मटकन बसल्या. नानांना आत घेऊन लावलेल्या दाराकडे त्या बघत राहिल्या.

"म्हंजी मी येवढं जपलं, त्येचा कायबी उपेग न्हवता?"

त्यांनी पुन्हा माझं मनगट धरलं.

"मग आता मी काय करू रं, बाळा? नुसती बघत बसू?"