कोटवाल्यांची मोटर

शब्दन् शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझे उरलेले चार दात या क्षणी गळून पडोत! (पडले नाहीत. हवं तर मोजा.)

अनुदान खऱ्या शेतकऱ्यालाच मिळालं पाहिजे, याबद्दल सरकार फार कडक असतं. म्हणून नियम दोनच. पहिला: मंगळवारी अकरा ते एक शेतकऱ्यानं कचेरीच्या रांगेत स्वतः उभं राहायचं. दुसरा: मंगळवारी अकरा ते एक पाहणीसाहेब शेतावर येतील, तेव्हा शेतकरी शेतात उभा दिसला पाहिजे. दोन्ही नियम शहाणे. भांडण काय ते घड्याळाचं.

भोपळेवाल्या मावशीच्या विहिरीवरची मोटर जळली होती. पंधरा दिवसांत अनुदानातली नवी बसली नाही, तर मळाभर भोपळ्यांचे खुळखुळे होणार होते. मावशी गेली रांगेत. तिकडे साहेब मळ्यात पोचले, तर मधोमध एक इसम, अंगात मावशीच्या नवऱ्याचा जुना कोट, हात पसरून उभा. साहेबांनी लिहिलं: ‘शेतकरी हजर. भर उन्हात बसलेला आढळला नाही. नाव सांगितलं नाही (विनय). चहा विचारला नाही (सचोटी). तक्रार नाही. शेरा: आदर्श.’

मोटर मंजूर झाली. नाव कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून कोटावरून श्री. कोटवाले यांच्या नावे.

मावशी पदर खोचून कचेरीत. “अहो, ते बुजगावणं आहे! आत नुसता पेंढा भरलाय!”

“आत काय भरलंय ते आम्ही कुणाचंच बघत नाही, मावशी,” कारकून म्हणाला. “पाहणीला शेतात कोण होतं?”

“ते.”

“आणि तुम्ही?”

“तुमच्याच रांगेत की, मेल्या!”

“मग शेतकरी कोण, तुम्हीच सांगा.” बिचारा फार मायेनं बोलला.

उरला यंत्रावरचा अंगठा. मावशीनं बुजगावणं कडेवर घेऊन आणलं. आधी हट्टानं स्वतःचा अंगठा लावला. चाळीस वर्षं खुरपं धरून तो गुळगुळीत झालेला, यंत्र म्हणालं, असं माणूसच नाही. कोटवाल्यांचा पेंढ्याचा हातमोजा पहिल्या दाबात पास. (त्या वर्षी तीनशे चाळीस शेतकऱ्यांपैकी दोनशे बारांचे अंगठे नापास झाले. पेंढ्याचा एकही नाही.)

मोटर बसली. पण आठ दिवसांनी साहेब पुन्हा येणार होते. लाभार्थी मोटर स्वतः चालवताना दिसला नाही, तर मोटर परत! आता पेंढा बटण कसं दाबणार? मावशीनं कोट अंगात चढवला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि विहिरीपाशी हात पसरून उभी राहिली.

साहेब आले. “चालू करा.” मावशीनं बटण दाबलं. पाणी असं उसळलं की साहेबांचा चष्मा धुऊन निघाला.

“वा, कोटवाले! तब्येत सुधारली तुमची. काही तक्रार?”

मावशीच्या जिभेवर चाळीस वर्षांच्या तक्रारी रांग लावून उभ्या राहिल्या. एक शब्द बाहेर पडला असता, तर मोटर साहेबांच्या गाडीत चढली असती. तेवढ्यात एक कावळा येऊन तिच्या डोक्यावर ऐसपैस बसला. मावशीनं ओठ मिटले आणि हात आणखी पसरले.

‘प्रगती समाधानकारक,’ साहेबांनी लिहिलं. भोपळे तरले.

बरं, कबूल करते, कावळा तेवढा माझ्या पदरचा. पण हसण्याआधी एक करा. तुम्हाला कुणी ‘काही तक्रार?’ असं शेवटचं विचारलं, तेव्हा तुम्ही कसे उभे होता ते आठवा, आणि डोक्यावरून हात फिरवून बघा, काही बसलंय का.