बिघाडाचा रकाना

फर्निचर दुरुस्तीच्या कारखान्याच्या मालकांनी सकाळी सातही कामगारांच्या हातात एकेक पावती ठेवली आणि सगळे चिडीचूप झाले.

मालकांचा हेतू चांगला होता. पॉलिशवाल्या काकांचा गुडघा वर्षभर कुरकुरत होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि काका ते खर्चाच्या भीतीने टाळत होते. म्हणून मालकांनी सगळ्या कामगारांचा मिळून एकच आरोग्य विमा काढायचं ठरवलं. विमा सल्लागार बाई दुपारी येणार होत्या. "माणसांची माहिती लिहून ठेवा," एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं. आता मालकांकडे माहिती लिहायचा कागद एकच, दुरुस्तीला आलेल्या खुर्च्या-कपाटांची पावती. तिच्यावर तीन रकाने होते, वस्तू, वय आणि बिघाड. मालकांनी 'वस्तू' खोडून 'नाव' लिहिलं. झालं काम!

पण ज्या पावतीवर बिघाड फार, ती वस्तू थेट मागच्या अंगणात मोडीत जाते, हे कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं.

"ताई, तू काय लिहिलंस?" सुताराने गाद्या शिवणाऱ्या ताईला हळूच विचारलं.

"बिघाड नाही, असं. आणि तू कंबर धरून काय उभा राहतोस? मालक बघतायत, सरळ हो!"

"सरळच आहे गं. याच्यापुढे होत नाही."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सातही पावत्या परत आल्या. सगळ्यांवर 'बिघाड नाही'. मालक पावत्या घेऊन थेट काकांकडे गेले. खोटं लिहिलं आणि उद्या विमा नाकारला तर?

"काका, गुडघा लिहा ना!"

"कुठला गुडघा?"

"तुमचा! डावा!"

"त्याला काय धाड भरलीय? हे बघा." काका शिडीवरून तरातरा चढले आणि एका उंच कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसले.

"उतरा खाली! काय करताय तिथे?"

"पॉलिश."

"अहो, त्याला पॉलिश होऊन आठवडा झाला!"

"दुसरा हात देतो."

तेवढ्यात सल्लागार बाई आल्या. त्यांनी पावत्या चाळल्या आणि चष्मा वर केला. "बिघाड? हे कोणी विचारलं?"

"मीच. विमा म्हटलं की आजार सांगावे लागतात ना?"

"एकट्याने काढला तर सांगावे लागतात. तुमच्या योजनेत सगळे एकत्र आहेत. जुनी दुखणीसुद्धा पहिल्या दिवसापासून धरलीयत. मला फक्त नाव, जन्मतारीख आणि घरची माणसं हवीत."

"म्हणजे मोडीत कोणीच नाही?" ताईने विचारलं.

"मोडीत?" मालकांना आत्ता उलगडा झाला. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, काकांच्या गुडघ्यासाठी तर हा सगळा खटाटोप!"

क्षणात कारखान्याला कंठ फुटला. सुतार मनसोक्त कण्हला. ताईला दाढदुखी आठवली. कोणाला भुशाच्या शिंका सुरू झाल्या. गप्प होतं फक्त कपाट.

"काका, ऐकलंत ना? आता ऑपरेशनची तारीख ठरवायची."

"ठरवा," वरून बारीक आवाज आला. "पण आधी मला उतरवा. गुडघा वाकतच नाहीये."

मालक लगबगीने शिडीकडे धावले. पहिल्या पायरीवर त्यांना काहीतरी सुचलं.

"बाई, विमा लागू कधीपासून?"

"उद्या सकाळपासून."

मालकांनी वर काकांकडे बघितलं, खाली फरशीकडे बघितलं आणि हाक मारली, "ताई, आहेत तेवढ्या गाद्या आण!"