वारा समोरून असेल!

"अंतर मी मोजलंय. तू फक्त विमानात बस!" भूगोलमास्तर छाती काढून म्हणाले, आणि तिथंच सगळं चुकलं.

परदेशातल्या लेकीचे दिवस भरले होते. शस्त्रक्रिया दुपारची ठरली होती आणि "आई, तू आल्याशिवाय मी आत जाणार नाही," असा तिचा हट्ट. तिची सुखरूप सुटका व्हावी म्हणून मास्तरांच्या बायकोनं, सगळ्यांच्या काकूंनी, व्रत धरलं होतं. रोज दुपारी बारापर्यंत मौन! आजवर एकही दिवस चुकला नव्हता.

मास्तरांनी नकाशावर पट्टी ठेवली. प्रवास जेमतेम तासाचा निघाला. तिकिटावर मात्र विमान नऊला सुटून बाराला उतरत होतं.

"असं कसं हो?"

"वारा समोरून असेल! तुझ्या पथ्यावरच पडलं. मौन हवेतच सुटेल."

जन्मभर पोरांना देशोदेशीची घड्याळं शिकवणारा माणूस! घरच्या तिकिटाशी गाठ पडली आणि सगळं विसरला.

विमान तासाभरात उतरलं. भिंतीवर तिथले बारा, काकूंच्या मनगटावर घरचे दहा! संकल्प केला घरच्या देवापुढे, तेव्हा बाराही घरचेच.

मास्तर तपासणीच्या खिडकीवरून झपकन पुढे गेले. काकू अधिकाऱ्यासमोर एकट्या.

"कशासाठी आलात?"

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"मला गप्प बसवता?"

काकूंनी घाबरून घड्याळ दाखवलं.

"वर घाईही करता!"

काकूंनी हात जोडले.

"म्हणजे नक्कीच काहीतरी केलंय!"

लिहून दाखवावं, तर चष्मा मास्तरांच्या खिशात. पलीकडून मास्तर ओरडले, "अगं बोल की! बारा वाजलेत इथे!"

"बाईंना दम देणारा हा कोण?" अधिकाऱ्यानं मास्तरांनाही धरून आणलं आणि दोघांना एका खोलीत बसवलं.

"साहेब, हिचं मौन आहे. बारानंतर बोलेल."

"बारा वाजून गेले."

"ते इथले. आमचे वाजायचेत."

अधिकाऱ्यानं डोकं धरलं. तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. लेक होती. त्यांनी तो काकूंच्या कानाला लावला.

"आई, मला आत नेतायत. भीती वाटतेय गं. एकदा तरी बोल ना!"

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बोलावं तर लेकीसाठी धरलेलं व्रत मोडतं, न बोलावं तर लेकच मोडून पडते. देवा, काय रे हा पेच! त्यांनी डोळे मिटले, मनोमन क्षमा मागितली.

"राणी, मी आलेय. दाराशीच आहे असं समज. निर्धास्त जा!"

अधिकारी टुणकन उठला. "बोलता येतं की! आता सगळं पहिल्यापासून सांगा!"

सगळं सांगून, सुटून दवाखान्यात पोचेपर्यंत नात जन्मलीसुद्धा. "तुझा आवाज ऐकला आणि धीर आला," लेक म्हणाली. देव रागावला नव्हता. काकू नातीला छातीशी धरून हमसून रडल्या.

मास्तर दाराशी घुटमळत पुटपुटले, "पण अंतर माझं बरोबर होतं हं. तासाचंच!"

काकूंनी डोळे पुसले.

"उद्यापासून मौन तुम्ही धरायचं," त्या नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या. "आणि बारा कुठले, ते मी सांगेन."