टेकडीच्या जिवाणूंना संरक्षण

मातीला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने कार्यालयाला बोलावे लागते. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेकडच्या एका टेकडीच्या वतीने बोलण्याचे काम मृदाजिवाणू कक्षाकडे आले, तेव्हा कक्षप्रमुख तात्यासाहेबांनी ते निष्ठेने स्वीकारले. (बैठका नऊ. चहा मोजलेला नाही.)

शास्त्र सोपे आहे. माथ्यावर वीतभर मुरूम आणि नावाला ओलावा. तिथे थोडेच आणि काटक जिवाणू तग धरतात. उतारावर हलकी बरड जमीन, तिथे जरा बरे. पायथ्याला वरून वाहून आलेली काळी माती, ओल, पालापाचोळा. तिथे जिवाणूंची नुसती जत्रा. जमीन तशी वस्ती. हे सिद्ध करण्यासाठी तिन्ही ठिकाणचे चाळीस-चाळीस नमुने घ्यायचे ठरले.

नमुने घ्यायला पुंजाराम नावाचा कर्मचारी गेला. जीप पायथ्याशी, रामकिसन नावाच्या शेतकऱ्याच्या वावरापाशी थांबली. मे महिना होता आणि पुंजारामच्या गुडघ्यांबद्दल वैद्यकीय मत प्रतिकूल होते. त्याने वावरातल्या कडुलिंबाखाली बसून एकशेवीस पिशव्या तिथल्याच मातीने भरल्या आणि त्यांवर 'माथा', 'उतार', 'पायथा' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. (त्याच्या अक्षराची प्रशंसा अहवालाच्या पृष्ठ चारवर आहे.)

त्या वावरात आदल्या आठवड्यात मेंढपाळ बानाबाईंची मेंढरं बसली होती. आपल्याकडे शेतकरी मेंढपाळाला बोलावून मेंढरं वावरात बसवतो. लेंडीखत जमिनीला, ज्वारी मेंढपाळाला. ही पद्धत कक्षाला ठाऊक नव्हती, कारण तिचे परिपत्रक निघालेले नाही.

निष्कर्ष थक्क करणारा निघाला. मुरमाच्या माथ्यावर काळ्या मातीइतकेच, शिवाय ९९.७ टक्के तेच जिवाणू सापडले. तात्यासाहेबांनी तो अहवालात दोनदा अधोरेखित केला. असा माथा जगात दुसरा नव्हता. (पहिलाही नव्हता, पण तो मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.) हा ठेवा खुरांखाली तुडवला जाऊ नये म्हणून टेकडी चराईला बंद करण्यात आली. तारेचे कुंपण आले, पाटी आली.

बानाबाईंची साठ मेंढरं त्याच टेकडीवर चरत. कक्षाच्या छावणी भागातल्या कार्यालयात त्या तीनदा गेल्या. तिसऱ्यांदा तात्यासाहेब भेटले. त्यांनी खुर्ची दिली आणि जिवाणूंचे महत्त्व अर्धा तास समजावून सांगितले.

"व्हय साहेब, पर ते माझ्याच मेंढरांच्या लेंड्यातलं हाय," बानाबाई म्हणाल्या. "तुमचा माणूस वर गेलाच नाय. लिंबाखाली बसला हुता, मीच त्याला पाणी दिलं."

तात्यासाहेबांनी हे म्हणणे 'लोकसहभाग' या रकान्यात नोंदवून घेतले.

दिवाळीपर्यंत बानाबाईंनी चाळीस मेंढरं विकली. मला याचे वाईट वाटते. पण धोरण म्हटले की कुणाला तरी थोडे वाईट वाटायचेच, आणि ते मला वाटले तर कामकाज अडत नाही.

टेकडी नागरिकांना मात्र फिरायला खुली आहे. रोज सकाळी साडेतीनशे जोड बूट माथ्यावर जातात. बुटांनी जिवाणूंना इजा होते असा पुरावा नाही. (मागवलेला नाही.) पाटीपाशी फोटो छान येतो. गेल्या रविवारी तुम्हीही काढलात. कुंपणाबाहेर वीस मेंढरं घेऊन उभ्या असलेल्या एक बाई त्यात येत होत्या. तुम्ही त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलेत, तेही अगदी नम्रपणे. बानाबाई लगेच बाजूला झाल्या.